वडोदरा : घराचा बाहेरचा रंग आणि अंगणातला लाकडी डेक – कारागीर कसा पारखावा?

मांजलपूरकर (धागाकर्ती) · 14 सप्टेंबर

नमस्कार. गणपती गेले, पावसाने तीन दिवस उघडीप दिली आणि आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या फाटकाला रंगाच्या ठेकेदाराचे कार्ड अडकवलेले दिसू लागले. आमचे घर वीस वर्षांचे, दुमजली आणि ओळीच्या टोकाचे आहे. त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही भिंती पूर्ण उघड्या आहेत आणि जूनपासून येणारा वाऱ्याचा पाऊस सरळ त्यांच्यावरच आपटतो. बाहेरून शेवटचा रंग नऊ वर्षांपूर्वी दिला होता. आता पश्चिमेच्या भिंतीवर हिरवट-काळे ओघळ आहेत, छज्जांखाली पोपडे सुटले आहेत आणि जोत्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत पांढरी भुकटी फुटते, जिला येथले सगळे कारागीर ‘लूणो’ म्हणतात आणि माझ्या सासूबाई ‘लोणा’.

दुसरा प्रश्न मागच्या अंगणाचा. तेथे 12 बाय 16 फुटांचा सागवानी डेक आहे. चार वर्षांपूर्वी दिरांनी तो हौसेने करून घेतला, त्यावर काय लावले होते हे आता त्यांनाही आठवत नाही, आणि मधल्या काळात कोणी त्याच्याकडे पाहिलेले नाही. फळ्या राखाडी पडल्या आहेत, स्क्रूंभोवती काळे डाग आहेत आणि अनवाणी चालले की कुसे टोचतात.

तीन ठेकेदारांना बोलावले. पहिल्याने मटेरियलसकट 24 रुपये चौरस फूट सांगितले आणि माप 2,950 चौरस फूट काढले. दुसऱ्याने 28 रुपये सांगितले, पण त्याचे माप 2,400 भरले. तिसरा फक्त मजुरीचे 11 रुपये म्हणाला आणि टेप काढण्याची त्याला गरजच वाटली नाही. फाटकात उभे राहून, चहा पीत, त्याने ‘तीन हजार धरून चाला’ असे सांगितले. मग मी आणि मुलाने रविवारची सकाळ घालवून स्वतः मोजले, तेव्हा 2,430 निघाले. म्हणजे 24 रुपयेवाल्याचे 70,800 होतात आणि 28 रुपयेवाल्याचे 67,200. दर स्वस्त आणि माप महाग, असा हा प्रकार आहे. पहिल्याने खिडक्यांची वजावट केली नव्हती आणि गच्चीचा कठडा दोन्ही बाजूंनी धरला होता, जरी आतली बाजू रंगवायची नाही हे मी आधीच सांगितले होते.

डेकविषयी तिघांची तीन मते पडली. एक म्हणतो मेलामाइन मारून काचेसारखा चमकवून देतो, दुसरा वॉर्निशचे तीन हात सुचवतो, आणि तिसऱ्याच्या मते तपकिरी तेलरंग लावला की कटकट मिटली. एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत आहे, की नवरात्र बसायच्या आत सुरू करून दिवाळीपूर्वी संपवायचे.

अनुभवी मंडळींनी सांगावे : यांच्यातला योग्य कोण हे कशावरून ओळखायचे, आणि भिंत व डेक दोन्ही एकाकडेच द्यावे का?

---

रावपुऱ्यातले जुने घर · 14 सप्टेंबर

ताई, मी फक्त एक प्रश्न विचारायला सांगेन. ठेकेदाराला म्हणावे, ‘तीन पावसाळे झालेले तुझे काम दाखव.’ गेल्या महिन्यात संपवलेले काम तो आनंदाने दाखवील, मोबाइलमध्ये छायाचित्रेही असतील, परंतु नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. तीन पावसाळे झालेले घर दाखवायला जो नेतो, त्याचे निम्मे काम पास झाले असे समजावे. तेथे गेल्यावर समोरची भिंत पाहू नये. पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे मान वाकवून पाहावे, खिडकीच्या छज्जाच्या खालच्या बाजूला हात फिरवावा आणि कठड्याचा माथा पाहावा. आळशी रंगाऱ्याचा ब्रश पाइपामागे जात नाही आणि कठड्याच्या माथ्यावर फार तर एकच हात पडतो. घरमालकिणीला दोन मिनिटे बाजूला घेऊन, माणसे रोज येत होती का आणि शेवटच्या आठवड्यात किती दिवस गायब झाली, हेही विचारावे.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आमचे घर रावपुऱ्यात, भाऊ तांबेकरांच्या वाड्यापासून पायी जाण्याइतके जवळ आणि पणजोबांच्या काळातले आहे. भिंती विटांच्या आणि गिलावा चुन्याचा. 2019 साली एका ठेकेदाराने त्यावर सिमेंटची पुट्टी भरून वर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले. दिवाळीत पाहुणे थांबून थांबून पाहत होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला फुगे आले आणि मार्चमध्ये पापडासारखे तुकडे निघू लागले. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला चुन्याचा थर चिकटलेला. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि उन्हात सोडून देतो. आम्ही त्याचे सोडण्याचे दार बंद केले होते. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याकडून ते सगळे खरवडून काढले, गिलाव्याची डागडुजी चुन्यानेच केली आणि वर चुन्याची सफेदी दिली. सफेदी दर दोन वर्षांनी करावी लागते, पण पापड निघत नाहीत. आपले घर वीस वर्षांचे, म्हणजे सिमेंटच्या गिलाव्याचे असणार, तेव्हा आपल्याला ही अडचण नाही. परंतु जुन्या भागातले कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवले.

---

निवृत्त अभियंता · 15 सप्टेंबर

रंगाची निवड ही शेवटची गोष्ट आहे. आधी ओल कोठून येते ते शोधावे लागते, आणि जो ठेकेदार पहिल्या भेटीत गच्चीवर जाऊन पाहतो तो पुढे पाहण्यासारखा माणूस आहे, असा माझा ठोकताळा आहे. छज्जाखालचे पोपडे बहुधा छज्जाच्या वरच्या बाजूला साचणाऱ्या पाण्यामुळे सुटतात. पश्चिमेच्या भिंतीवरचे ओघळ कठड्याच्या माथ्यावरून उतरत असतील, तर माथ्याला आतल्या बाजूने उतार देऊन, भेगा बुजवून, जलरोधक लेप दिल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही. जोत्याजवळचा लोणा हा जमिनीतून चढणाऱ्या ओलीचा आहे. ते पाणी विटांतले क्षार बरोबर घेऊन येते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास विरघळून पुन्हा आत जातो. आमची सोसायटी विश्वामित्रीच्या काठची असल्याने 2024 च्या ऑगस्टमधील पुरात तळमजल्यात पाणी उभे राहिले होते. पुढच्याच दिवाळीला ज्यांनी घाईने रंग दिला, त्यांच्या भिंतींवर होळीपर्यंत लोणा परत आला. मी वर्षभर भिंत उघडी ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे टोमणे ऐकले आणि त्यानंतर रंग दिला.

भिंत वाळली आहे का हे पाहण्यासाठी दीड-दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवसाने काढून पाहावे. आतल्या बाजूला दव दिसले तर भिंत अजून ओली आहे. वडोदऱ्यात सप्टेंबरअखेरीस पश्चिमेच्या भिंतीवर हा प्रयोग केलात तर उत्तर काय येईल ते मी आजच सांगू शकतो. म्हणूनच दिवाळीपूर्वीचा आग्रह मला पटत नाही. तो ठेकेदारांचा हंगाम आहे, भिंतीचा नव्हे. त्या दिवसांत एकच माणूस चार घरांची कामे घेतो आणि प्रत्येक घरी दोन-दोन पोरे सोडून जातो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि ऊन सोसवते. मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की रंग पसरायच्या आत ब्रशखालीच सुकतो.

तयारीचा क्रम असा लिहून घ्यावा : सुटलेला रंग पत्रीने खरवडणे, शेवाळाच्या जागी बुरशीनाशक द्रावण लावून कंपनीने सांगितलेला वेळ ठेवणे, मग जोराच्या पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळू देणे. त्यानंतर भेगा पाहाव्यात. केसासारख्या बारीक भेगा लवचीक भरणाने भरतात. परंतु वडोदऱ्याच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या जाणाऱ्या भेगा पुन्हा पुन्हा उघडतात. अशी भेग रुंद असेल, तर रंगारी नव्हे, बांधकामाचा जाणकार बोलवावा. जेथे नवा गिलावा करावा लागेल तेथे किमान 28 दिवस थांबावे, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कलीचा अंश रंग खाऊन टाकतो. बाहेर भरायची पुट्टी सिमेंटची असावी. आतल्या भिंतीची खडूची लांबी (भिंत सपाट करायचे भरण) बाहेर भरणारे महाभागही मी पाहिले आहेत.

एक सावधगिरी. आपल्या खिडक्यांच्या गजांवरचा तेलरंग वीस वर्षांपूर्वीचा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्या आधीच्या तेलरंगात शिसे असू शकते. ते गज कोरडे घासू देऊ नयेत. पाणकागद ओला करून घासावेत, खाली प्लास्टिक अंथरावे आणि लहान मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये.

---

खंडेराव मार्केट · 15 सप्टेंबर

डब्यांवर लक्ष ठेवा. बऱ्याच रंगांच्या डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्याचे पैसे त्याला मिळतात. त्यात गैर काही नाही, ते त्याचे आहे आणि त्याच्याकडेच राहू द्यावे. मात्र त्यामुळे 50 लिटरच्या कामाला 70 लिटर मागण्याची इच्छा होऊ शकते. दोन हातांना लिटरमागे साधारण 50 चौरस फूट धरले तर आपल्या 2,430 चौरस फुटांना 48-50 लिटर रंग पुरतो, म्हणजे 20 लिटरचे दोन डबे आणि वर दोन-तीन लहान डबे. भिंत खडबडीत असेल तर थोडा अधिक. रंग आपणच दुकानातून बिल घेऊन आणावा, सगळे डबे एकाच बॅचचे आहेत हे पाहावे आणि झाकण आपल्या समोर उघडायला सांगावे. पाणी किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते. तेथे मापाचे भांडे ठेवा. ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकला की डबा बंद करावा.

---

पॉलिशवाल्याचा लेक · 16 सप्टेंबर

माझे वडील चाळीस वर्षे लाकडाचे पॉलिश करत होते, मी दुसऱ्या व्यवसायात गेलो, पण सुट्टीच्या दिवसांत त्यांच्या हाताखाली फळ्या घासल्या आहेत, त्या हक्काने लिहितो. भिंतीचा रंगारी आणि लाकडाचा पॉलिशवाला ही दोन वेगळी माणसे आहेत. रंगाऱ्याने ‘लाकडाचेही करून देतो’ म्हटले की तो ते काम दुसऱ्याला देणार किंवा स्वतः बिघडवणार, हे धरून चालावे.

आपल्याला सुचवलेले तिन्ही उपाय डेकसाठी चुकीचे आहेत. मेलामाइन हे घरातल्या फर्निचरचे पॉलिश आहे. उन्हात आणि पावसात ते तडकते. वॉर्निश आणि तेलरंग लाकडाच्या वर पापुद्रा धरतात. भिंतीवर पापुद्रा चालतो, कारण तेथे कोणी चालत नाही आणि पाणी उभे राहत नाही. डेकच्या फळीत पाणी स्क्रूच्या भोकातून, फळीच्या टोकातून आणि खालच्या बाजूने शिरतेच. ते बाहेर पडताना पापुद्र्याला ढकलते आणि एकदा पापुद्रा सुटू लागला की पुढच्या वेळी सगळा घासून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपल्याला पाहिजे ते लाकडात मुरणारे, तेलावर आधारलेले, बाहेरच्या कामाचे वुड स्टेन. त्यात थोडा रंगकण असावा. अगदी पारदर्शक घेतले तर लाकूड सुंदर दिसते, पण सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारे त्यात फारसे काही नसते. फळ्या राखाडी होण्याचे कारण तेच आहे : ऊन लाकडातल्या लिग्निनचे विघटन करते, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर मेलेले तंतू उरतात. ही राखाडी साय पातळ असते. तिच्याखाली सागवान जसेच्या तसे असते, म्हणून घाबरू नका आणि कोणी फळ्या बदला म्हणाले तर हसून चहा द्या.

वडील कसे करत ते सांगतो. आधी फटींतली माती चपट्या काडीने काढायची, कारण फट बुजली की पाणी तुंबते. मग सोडियम परकार्बोनेटच्या द्रावणाने नायलॉनच्या ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून धुवायचे. पाण्याच्या जोराच्या मशीनने नव्हे. त्याने सागवानाचे मऊ तंतू उपटतात आणि फळी कॉर्डुरॉयसारखी होते. स्क्रूंभोवतीचे काळे डाग हे सागवानातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया झाल्याचे आहेत. ते साबणाने जात नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने जातात. हातमोजे आणि चष्मा घालून लावायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. शक्य असेल तर लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे घालावेत, नाहीतर डाग पुढच्या वर्षी परत येतील. यानंतर तीन कोरडे दिवस. मग 60 आणि 80 नंबरच्या कागदाने घासणे. त्याच्या पुढे जाऊ नये. घरातल्या टेबलासारखे 220 नंबरपर्यंत गुळगुळीत केले की लाकडाची छिद्रे बंद होतात आणि स्टेन वरच राहते.

लावताना सकाळी लवकर किंवा फळी सावलीत असताना लावावे. दोन फळ्या घ्यायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पूर्ण करायच्या, मगच पुढच्या दोन. मध्येच थांबले की ओल्यावर सुक्याचा पट्टा कायमचा दिसतो. पंधरा मिनिटांनी, जे मुरले नाही ते फडक्याने पुसून घ्यायचे. हा भाग कारागिराला जिवावर येतो, कारण त्याला वाटते की मालकाचे पैसे आपण पुसून टाकतो आहोत, परंतु न पुसलेले स्टेन चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा पाजायचे, तेथून लाकूड सर्वांत अधिक पाणी पिते.

एवढे एक कृपया विसरू नका. अळशीचे तेल असलेल्या स्टेनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नयेत. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. वडिलांच्या कामाच्या जागी पाण्याची बादली त्यासाठीच असे, आणि आम्हां पोरांना त्या बादलीतले फडके बाहेर काढल्याबद्दल मार बसलेला आहे.

---

मांजलपूरकर (धागाकर्ती) · 16 सप्टेंबर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. डेकवर संखेड्याचा लाखकामाचा झोपाळाही टांगलेला आहे, सासूबाईंच्या माहेरचा. त्यालाही तेच स्टेन लावावे का? आणि चांगला पॉलिशवाला शोधायचा कोठे?

---

पॉलिशवाल्याचा लेक · 16 सप्टेंबर

नको! संखेड्याचे काम चरकावर (लेथवर) फिरवून लाखेने केलेले असते, त्यावर स्टेन मुरणार नाही आणि थिनर लागला तर नक्षी बिघडेल. लाखेला उभे पाणी सोसत नाही, ती पांढरी पडते. तो झोपाळा ओट्यावर छपराखाली न्यावा, मऊ कोरड्या फडक्याने पुसावा आणि दुरुस्ती हवी असेल तर संखेड्यालाच न्यावा. वडोदऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येते. पॉलिशवाल्यासाठी रंगाच्या दुकानात विचारू नका, लाकडाच्या लातीत, म्हणजे वखारीत, विचारा. सागवान विकणाऱ्याला कोणता कारागीर माल वाया घालवत नाही ते ठाऊक असते.

---

अलकापुरी 7 · 17 सप्टेंबर

मला हे सगळे फार जिकिरीचे वाटते. रंगाच्या मोठ्या कंपन्या आता स्वतःच रंगकाम करून देतात, लेखी अंदाज देतात, यंत्राने घासतात आणि वॉरंटी देतात. आठ-दहा हजार अधिक जातील, पण डोक्याला ताप नाही. प्रत्येकाला पाइपामागे मान घालायची हौस नसते.

---

निवृत्त अभियंता · 17 सप्टेंबर

हा मार्ग वाईट नाही आणि ज्यांना दिवसभर घरी थांबता येत नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. परंतु वॉरंटीचा कागद सही करण्यापूर्वी वाचावा. ओल, झिरप आणि बांधकामाच्या भेगा यांमुळे होणारे नुकसान त्यातून सामान्यतः वगळलेले असते, आणि मांजलपूरकर ताईंच्या भिंतीचा आजार नेमका तोच आहे. शिवाय प्रत्यक्ष परांचीवर चढणारी माणसे स्थानिक ठेकेदाराचीच असतात, तेव्हा तपासणी आपल्याला चुकत नाही.

---

हिशेबाची वही · 18 सप्टेंबर

व्यवहाराची बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. मी बँकेत होते, त्यामुळे कागदाशिवाय मला झोप येत नाही. ठेकेदाराशी एका पानाची चिठ्ठी करावी : दोघांनी मिळून घेतलेले माप, कोणत्या खिडक्यांची वजावट, रंगाचे पूर्ण नाव आणि क्रमांक, प्रायमर कोणता, हात किती, परांची कोणाची, आणि काम संपल्यावर फरशीवरचे शिंतोडे कोण काढणार. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत, दिवसांवर नव्हे. मी 10 टक्के उचल दिली, घासणे-धुणे-भेगा भरणे स्वतः पाहून झाल्यावर 30, पहिल्या हातानंतर 30, संपल्यावर 25, आणि 5 टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर. शेवटच्या पाच टक्क्यांवर ठेकेदार कुरकुरतो. जो अजिबात तयार होत नाही, त्याला आपल्या कामाविषयी काय वाटते ते त्यातच कळते. पक्के बिल घेतले तर 18 टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलेला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. शेवटच्या दिवशी त्यावरून तंटे होतात.

तयारीचा टप्पा वेगळा का ठेवला हे सांगते. माझ्या आधीच्या कामात एका ठेकेदाराने सकाळी शेवाळ घासले आणि दुपारी प्रायमर लावला. मी कार्यालयात होते. संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र, मी खूष. ऑगस्टमध्ये त्याच जागी, त्याच आकाराचे हिरवे डाग, जणू कोणी छापा काढून ठेवला होता.

परांचीविषयी : बांबू काथ्याने नीट बांधलेले असोत किंवा लोखंडी असोत, वर चढणाऱ्याला सुरक्षा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट हवेच. आपल्या घरावरून जाणारी विजेची तार भिंतीजवळ असेल तर वीज कंपनीला कळवून बंदोबस्त करून घ्यावा. ‘आम्हाला सवय आहे, बा’ असे ते म्हणतील. त्यांचे ऐकू नये.

---

मांजलपूरकर (धागाकर्ती) · 8 फेब्रुवारी

नमस्कार. काम झाले, म्हणून धागा वर आणते.

दिवाळी जुन्याच रंगावर काढली. शेजारच्या दोन घरांना ऑक्टोबरमध्ये रंग लागला आणि आमच्या घराकडे पाहून काकूंनी ‘यंदा नाही का?’ असे तीनदा विचारले. मी भिंतीला प्लास्टिकचे तुकडे चिकटवून बसले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिन्ही तुकड्यांत दव होते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फक्त जोत्याजवळच्या तुकड्यात उरले. मग 28 रुपयेवाल्यालाच बोलावले. तीन पावसाळे झालेले घर दाखव म्हटल्यावर पहिला ठेकेदार परत आलाच नाही, आणि हा मला स्कूटरवर कारेलीबागेत एका घरी घेऊन गेला. पाइपामागे रंग होता. छज्जाखाली एका ठिकाणी पोपडा होता. तो त्याने स्वतःच दाखवला आणि गच्चीचा पाइप फुटल्याचे कारण सांगितले. त्या पोपड्यामुळेच माझा निर्णय झाला, हे आता लिहायला हरकत नाही.

माप दोघांनी मिळून घेतले, 2,430 वरच मिटले, म्हणजे 68,040 रुपये झाले. सगळे मटेरियल त्याच्याकडून एकाच दुकानातून, माझ्यासमोर आले. कठड्याच्या माथ्याचे गवंडीकाम वेगळे करून घेतले आणि त्या ताज्या गिलाव्याला 28 दिवस दिले, म्हणून तो भाग जानेवारीत रंगवला. जोत्याजवळचा अडीच फुटांचा पट्टा तूर्त रंगवलेला नाही. लोणा झाडला आहे, गिलावा सुटा झाला होता तेवढा काढला आहे आणि भिंत उघडी ठेवली आहे. दिसायला वाईट दिसते; समोर कुंड्या ओळीने मांडल्या आहेत, भिंतीपासून हातभर दूर. रंग एकूण 46 लिटर लागला. टोकने त्याची त्याने घेतली.

पश्चिमेच्या भिंतीसाठी ती माणसे सकाळी साडेसातला येत आणि अकराला दक्षिणेकडे वळत, हे मला सांगावे लागले नाही.

डेकसाठी लातीतून एक पॉलिशवाले चाचा मिळाले, वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी आल्या-आल्या वाटीने फळीवर पाणी ओतले, ते लगेच शोषले गेले तसे म्हणाले, ‘प्यासा है.’ धुण्याला एक दिवस, वाळायला चार, घासायला दोन आणि लावायला एक सकाळ. राखाडी साय निघाली तेव्हा खालून मधासारखा रंग वर आला आणि सासूबाई खुर्ची टाकून तेथेच बसल्या. एक चूक माझी झाली. मी आग्रहाने मध्येच चहा दिला, आणि सातव्या-आठव्या फळीवर थांबल्याचा पट्टा उमटला आहे. चाचांनी नको म्हटले होते. फडकी बादलीत गेली. आता पाणी टाकले की थेंब मण्यांसारखे उभे राहतात. थेंब मुरू लागले की पुन्हा एक हात, बहुधा पुढच्या हिवाळ्यात, असे ते सांगून गेले आहेत. झोपाळा ओट्यावर आला आहे.

पाच टक्के, म्हणजे 3,402 रुपये, जुलैसाठी पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत आणि पाकिटावर ठेकेदाराची सही घेतली आहे. कुरकुरला, पण केली. पश्चिमेच्या भिंतीचे छायाचित्र तेव्हा येथे टाकीन. पॉलिशवाले चाचा कोणाला हवे असतील तर निरोप पाठवावा, पण उन्हाळ्यात ते काम घेत नाहीत आणि लग्नसराईत फर्निचरवर असतात, म्हणून आतापासून सांगून ठेवावे लागेल.

---

रावपुऱ्यातले जुने घर · 8 फेब्रुवारी

पट्टा ज्या फळीवर आहे तेथे झोपाळ्याऐवजी एक पायपुसणे टाकावे, ताई. आणि चाचांचा निरोप मला आजच पाठवावा. आमच्या दिंडीदरवाजाचे सागवान तीन वर्षांपासून तहानलेले आहे.